इंदूरहून हिमालयातल्या गावागावांतून: उंचावरच्या ट्रेकबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर. हिमाचलातल्या स्पीतीतलं कोमिक गाव साडेचार हजार मीटरच्याही वर. मधला चार हजार मीटरचा फरक गाडीने दोन दिवसांत कापता येतो, शरीराला मात्र आठवडा लागतो. खालच्या बहुतेक उत्तरांचं मूळ याच हिशोबात आहे. स्पीती, लडाख आणि उत्तराखंडातल्या वस्त्यांमधून जाणारे, घरांत मुक्काम करत करायचे ट्रेक डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. दोर-कुऱ्हाडीच्या गिर्यारोहणाचा विषय इथे नाही.

पहिल्यांदाच जातोय. कुठून सुरुवात करावी?

हर की दून. रेल्वेने देहरादून, तिथून मसुरी-पुरोला-मोरी मार्गे सांकरी हा एक पूर्ण दिवसाचा रस्ता. सांकरी दोन हजार मीटरच्या आतबाहेर आणि हर की दून ३,५६६ मीटर. चढ हळूहळू आहे, वाटेत गंगाड आणि ओसला ही लाकडी घरांची गावं लागतात, आणि त्रास झालाच तर खाली परतायला सरळ वाट आहे. पहिल्या ट्रेकला ही शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची.

दुसऱ्या पायरीला स्पीतीतली गावं: लांगझा, कोमिक, डेमुल, लालुंग, धनकर. रोज एका गावातून दुसऱ्या गावात, त्यामुळे तंबू लागत नाही. कोमिक ते डेमुल हा टप्पा सगळ्यांत लांबचा. सकाळी लवकर निघालात तरी दुपार उलटते. डेमुलहून लिंगती नदीच्या खोऱ्यात उतरताना गुडघ्यांची परीक्षा होते.

लडाखातली मारखा खोऱ्याची वाट तिसऱ्या पायरीची. चिलिंगहून स्क्यू, मारखा, हांकर, मग निमालिंगचं कुरण आणि शेवटी कोंगमारू ला ही खिंड, सुमारे ५,२०० मीटर. गावं आणि घरगुती मुक्काम हांकरपर्यंत मिळतात, म्हणून लोक तिला ‘सोपी’ म्हणतात. खिंडीच्या दिवशी तो शब्द मागे घेतात.

उत्तराखंडातल्या मुन्सियारीहून मिलमची वाट निराळीच. जोहार खोऱ्यातली मार्तोली, बुर्फू, मिलम ही एके काळची तिबेट-व्यापाराची गावं १९६२ नंतर व्यापार थांबल्यावर ओस पडत गेली. उन्हाळ्यात काही कुटुंबं परततात, बाकी छपरं कोसळलेली दगडी घरं. पंडित नैनसिंग रावत याच मिलमचे. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी ठेवून, पावलं मोजत त्यांनी तिबेटचा नकाशा केला आणि १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचं सुवर्णपदक मिळवलं. ही वाट चालताना आपल्या मनगटावरचं पावलं मोजणारं घड्याळ जरा केविलवाणं वाटतं. हा सीमाभाग असल्यामुळे मुन्सियारीच्या तहसीलमधून परवाना काढून निघावं लागतं.

कोणत्या महिन्यात जावं? मुलांच्या सुट्टीत जमेल का?

शाळेची सुट्टी आणि हिमालयाचा हंगाम यांचं कधी जमलेलं नाही. मे महिन्यात मनालीकडून स्पीतीत जाणारी कुंझुम खिंड बहुधा बर्फाखालीच असते. ती साधारण जूनमध्ये उघडते आणि ऑक्टोबरच्या मध्याला पुन्हा बेभरवशाची होते. दिवाळीत स्पीतीत रात्री पारा शून्याच्या बराच खाली असतो, नळ गोठलेले असतात आणि बरीच घरं पाहुणे घेणं बंद करतात. मे किंवा दिवाळीचाच आग्रह असेल तर हर की दून.

जुलै-ऑगस्टमध्ये उत्तराखंड नको. स्पीती आणि लडाख पर्जन्यछायेत असल्यामुळे तिथली वाट कोरडी असते, पण तिथवर पोहोचवणारे कुलू आणि किन्नौरचे रस्ते दरडींनी बंद पडतात. म्हणजे ट्रेक ठीक, प्रवास अडकलेला.

आमचं मत विचाराल तर सप्टेंबर. गौरी-गणपती आटोपून, विसर्जन झाल्यावर निघा. जव-वाटाण्याची कापणी चालू असते, आकाश स्वच्छ, नद्यांचं पाणी उतरलेलं. गणपती ऑगस्टमध्येच येतो त्या वर्षी तर बहुतेक महिना हातात असतो.

किती दिवसांची रजा काढावी?

स्पीतीसाठी इंदूर ते इंदूर चौदा दिवस. नऊ दिवसांत ‘बसवून’ देणारे बेत सर्रास विकले जातात. त्यांत वाचवलेले पाच दिवस नेमके शरीराला उंचीची सवय होण्याचे असतात. मारखाला लेहमधले दिवस धरून बारा, हर की दूनला नऊ.

विरळ हवा म्हणजे नक्की काय? ऑक्सिजन कमी होतो का?

हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण वरही जवळपास २१ टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. साडेतीन हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो आणि साडेपाच हजारांवर निम्मा. म्हणजे श्वास तेवढाच घेतला तरी हाती कमी लागतं. शरीर आधी श्वास आणि नाडी वाढवतं, मग मूत्रपिंडं रक्तातला क्षार बाहेर टाकून या वाढलेल्या श्वासाला वाट करून देतात. याला दोन-चार दिवस लागतात. वर गेल्यावर लघवी वाढली तर ते चांगलं लक्षण आहे, ती टाळायला पाणी कमी पिऊ नका.

मी रोज दहा किलोमीटर धावतो. मला त्रास होणार नाही ना?

होऊ शकतो. उंचीच्या आजाराचा तंदुरुस्तीशी संबंध नाही. उलट धावणारे भराभर वर चढतात आणि आधी आडवे होतात. मागच्या ट्रेकला त्रास झाला नव्हता म्हणून या वेळी होणार नाही, असंही नाही. तयारीचा फायदा वेगळा आहे: दमलेला माणूस चुका करतो, तयारीचा माणूस दमत कमी.

मग वर चढायचं वेळापत्रक कसं आखायचं?

तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच जागी राहायचं. दिवसा वर जाऊन आलात तर चालतं, किंबहुना बरंच. मोजायची ती झोपण्याची उंची.

स्पीतीला जायचे दोन रस्ते आहेत आणि इथेच सगळ्यांत मोठी चूक होते. मनाली २,०५० मीटरवर. तिथून सकाळी निघून अटल बोगद्यातून, ४,५५० मीटरची कुंझुम खिंड ओलांडून संध्याकाळी काझा, म्हणजे ३,७०० मीटरच्या आसपास. एका दिवसात झोपण्याची उंची दीड हजार मीटरहून जास्त वाढली. त्या रात्री काझ्यात डोकं धरून बसलेले पाहुणे बहुतेक याच रस्त्याने आलेले असतात.

शिमल्याकडून गेलात तर दोन दिवस जास्त लागतात, पण मुक्काम असे पडतात: नारकंडा (सुमारे २,७००), कल्पा (सुमारे २,९६०), ताबो (३,२८०), मग काझा. नाको गाव वाटेत लागतं आणि मोहात पाडतं, पण ते ३,६०० च्या वर आहे. कल्प्याहून थेट तिथे झोपायला जाणं म्हणजे उडी मोठी. तळं बघा, दुपारचं जेवण करा आणि मुक्कामाला ताबोला उतरा. ताबोचा मठ इ.स. ९९६ चा आहे, संध्याकाळ वाया जात नाही.

काझ्यात दोन रात्री, शक्य तर तीन. मधल्या दिवशी ‘की’ नावाचा मठ आणि किब्बर गाव बघून खाली काझ्यालाच झोपायचं. हे का, तर पुढचा मुक्काम लांगझा ४,४०० च्या घरात आहे आणि मध्ये थांबायला जागा नाही. ही एक उडी नियमापेक्षा मोठी आहे, तिची भरपाई काझ्यातल्या जास्तीच्या रात्रीने करायची. परतताना मात्र कुंझुममार्गे मनालीला खुशाल उतरा, तोवर शरीर तयार झालेलं असतं.

लेहला विमानाने जाणाऱ्यांसाठी: सकाळी दिल्ली, नऊ वाजता ३,२०० मीटरच्या वर. पहिले ४८ तास काहीही करायचं नाही. शांती स्तूपाच्या पायऱ्यासुद्धा नाहीत.

त्रास सुरू झालाय हे कसं ओळखायचं?

डोकेदुखी, आणि तिच्या जोडीला मळमळ, भूक मरणं, गळून जाणं किंवा चक्कर यांपैकी काहीही. वर पोहोचल्यावर सहा ते बारा तासांत हे सुरू होतं, म्हणून पहिली संध्याकाळ मजेत जाते आणि रात्र अवघड. दुसरं काही कारण सापडेपर्यंत हा उंचीचाच त्रास धरायचा. ‘ऊन लागलं असेल’, ‘प्रवासाने झालं असेल’ ही वाक्यं धोक्याची. या टप्प्यावर करायचं एवढंच: आणखी वर जायचं नाही. विश्रांती, पाणी, डोकेदुखीला पॅरासिटामॉल. बहुतेकांना एक-दोन दिवसांत उतार पडतो. नाही पडला, तर खाली.

खरी भीती पुढच्या दोन अवस्थांची.

मेंदूला सूज येते तेव्हा माणूस बरळतो, चिडतो, नको तितका शांत होतो आणि मुख्य म्हणजे तोल जातो. चाचणी सोपी आहे: जमिनीवर सरळ रेघ धरून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत दहा पावलं चालायला सांगा. झोकांडी गेली, हात पसरून सावरावं लागलं, तर त्याच क्षणी उतरायचं. रात्र असली तरी.

फुफ्फुसात पाणी साचतं तेव्हा आधी चढावर मागे पडणं, कोरडा खोकला. मग बसल्या जागीही धाप, ओठ-नखं निळसर, छातीत घरघर, शेवटी फेसाळ गुलाबी थुंकी. हे बहुधा वर गेल्यानंतरच्या दुसऱ्या ते चौथ्या रात्री उद्भवतं आणि डोकेदुखी नसतानाही होऊ शकतं. थोडा ताप असतो, म्हणून न्यूमोनिया समजून गोळ्या देत बसण्याची चूक होते. निदान हजार मीटर खाली आणा, मिळाला तर ऑक्सिजन लावा, आणि त्याला चालवू नका: घोडा, गाडी, पाठुंगळी, जे मिळेल ते. श्रमाने हा आजार वाढतो.

आणखी एक. आजारी माणसाला एकट्याला खाली पाठवायचं नाही. तो स्वतः म्हणाला तरी नाही.

डायमॉक्स घ्यावी का?

डायमॉक्स म्हणजे अॅसिटाझोलामाइड. ही गोळी लक्षणं झाकत नाही, तर वर सांगितलेलं मूत्रपिंडांचं काम लवकर सुरू करून देते. प्रतिबंधासाठी प्रौढांना सामान्यतः १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायला लागण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फा औषधांची अॅलर्जी, मूत्रपिंडाचा विकार किंवा गरोदरपण असेल तर घेण्याआधी डॉक्टरशी बोललंच पाहिजे. खरं तर सगळ्यांनीच बोलावं. पहिली गोळी इंदुरातच, निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी घेऊन पाहिली तर चांगलं. अॅलर्जी निघाली तर घराजवळ निघालेली बरी.

बोटांना मुंग्या येतात, सारखं बाहेर जावं लागतं आणि सोडा-कोकची चव पाणचट लागते. हे सगळं अपेक्षित आहे. वेळापत्रक नीट असेल तर बहुतेकांना या गोळीची गरज नसते. गोळी घेऊन दिवस वाचवण्याचा हिशोब कुणी मांडत असेल तर त्याला चौदा दिवसांचा मुद्दा पुन्हा वाचायला द्या.

डेक्सामेथासोन आणि निफेडिपिन ही वरच्या दोन गंभीर अवस्थांची औषधं. गटात कुणाला तरी डॉक्टरकडून मात्रा लिहून घेऊन ती जवळ ठेवता आली तर ठेवावी. उतरण्याऐवजी नव्हे, उतरताना. कापूर हुंगणं आणि लसूण चावणं यांनी उंचीचा आजार टळत नाही. कापूर नाक मोकळं झाल्यासारखं वाटायला लावतो, तेवढंच.

ऑक्सिमीटर न्यावा?

न्यावा, पण आकड्याला देव मानू नये. साडेचार हजारांवर धडधाकट माणसाचाही आकडा ऐंशीच्या घरात दिसतो, जो इंदुरात दिसला तर रुग्णालयात भरती करतील. बोटं गार असली किंवा नखांना पॉलिश असलं की यंत्र चुकतं. हात काखेत दोन मिनिटं गरम करून, बसून, रोज एकाच वेळी मोजा. गटातल्या इतरांपेक्षा एकाचा आकडा खूपच खाली आणि शिवाय लक्षणं, तर ते खरं.

रात्री झोपेत श्वास थांबतो आणि दचकून जाग येते. हे काय?

बायको नवऱ्याला हलवून उठवते ते बहुधा यामुळे. काही खोल श्वास, मग पाच-दहा सेकंद शांतता, पुन्हा खोल श्वास. उंचीवर हे सर्वसाधारण आहे, एकट्या याच्यावरून घाबरू नका. झोपेची गोळी आणि दारू मात्र बंद. दोन्हींनी श्वास मंदावतो. गावातल्या घरी छांग पुढे आली तर बोट बुडवून मान ठेवा, पेला रिता करू नका.

इंदुरात राहून तयारी कशी करायची? इथे डोंगर कुठे आहेत?

आहेत तेवढे पुरतात. चंबळेचा उगम असलेला जानापाव ८५४ मीटर आहे, महूजवळ. रालामंडल शहराला लागूनच. पण खरी तालीम जिन्याची. एक मजला साधारण तीन मीटर. ट्रेकच्या मोठ्या दिवशी ६०० मीटर चढ असतो, म्हणजे २०० मजले. तीन महिने आधी आठवड्यातून तीनदा ३० मजल्यांपासून सुरू करा आणि निघण्याआधी १०० वर या. पाठीवर पिशवी, पिशवीत पाण्याच्या बाटल्या, पाच-सहा किलो. पहिला महिनाभर शेवटच्या चढाला वर पोहोचल्यावर गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालून रिकाम्या पिशवीने उतरा, गुडघे वाचतात. शेवटच्या महिन्यात भरल्या पिशवीनेच उतरायचं, कारण धनकरची उतरण भरल्या पिशवीनेच उतरायची आहे.

रविवारी जानापाव पायथ्यापासून दोनदा. एकदाच चढून वर भजी खाणं ही सहल झाली.

चालण्याचा वेग ठरवायला घड्याळ नको: चढावर न थांबता एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. नाही आलं, तर वेग जास्त आहे. स्पीतीत हा वेग इतका मंद निघतो की लाज वाटते. वाटू द्या.

बूट नवे घ्यावेत का जुने चालतील?

नवे असतील तर दोन महिने आधी घेऊन शंभरेक किलोमीटर चालून मऊ करा. मोजे घालून, संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना मापून घ्या. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा हवी. ती नसली की उतरणीवर नखं काळी पडतात.

जुन्या बुटांचा धोका लोकांना माहीत नसतो. कपाटात चार-पाच वर्षं पडून राहिलेल्या बुटाचा तळ वरून नवा दिसतो, पण आतला पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या दमटपणाने आतल्या आत विरतो. पहिल्या दोन दिवसांतच तळ चपलेसारखा लोंबायला लागतो, आणि बहुधा दोन्ही बुटांचा, कारण वय दोघांचं सारखंच. घरीच अंगठ्याने तळाच्या मधल्या थरावर जोरात दाबा; भेगा पडल्या किंवा भुगा निघाला तर बूट टाकून द्या. तरीही सोबत तीन मीटर मजबूत नाडी आणि कापडी चिकटपट्टी ठेवा. तळ बुटाला गुंडाळून बांधून गाव गाठता येतं.

टाचेला चटका जाणवला की तिथल्या तिथे थांबून चिकटपट्टी लावा. ‘पुढच्या वळणावर बघू’ म्हटलं की फोड आलेला असतो.

कपडे किती?

अंगाला लागून घाम सुकवणारा बनियन, त्यावर लोकरी किंवा फ्लीसचा थर, त्यावर पिसांचं जाकीट आणि सगळ्यांवर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. सुती बनियन आणि जीन्स नको, ओलं झालं की वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेतं. उंची हजार मीटरने वाढली की तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं, हा अंदाज हाताशी ठेवा. आजीने विणलेला लोकरी कानटोप न्या; बाजारातला कोणताही त्याच्यापेक्षा फार चांगला नाही.

उन्हाचा काळा चष्मा चैनीचा नाही. बर्फावरच्या उन्हाने डोळ्यांचं पारपटल (कॉर्निया) भाजतं आणि संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन दिवसभर दिसेनासं होतं. क्रीम नाकपुड्यांच्या खालच्या बाजूला आणि हनुवटीखालीही लावा, ऊन खालून परतून येतं.

जेवणाचं कसं? आम्ही शाकाहारी आहोत.

अडत नाही. गावातल्या घरी भात-डाळ, बटाटा, वाटाणा, थुक्पा (नूडल्सचं सूप), टिंगमो (वाफवलेला पाव) मिळतो. भाजलेल्या जवाचं पीठ, ज्याला तिथे त्साम्पा म्हणतात, ते आपल्या सातूचं भावंड. लोणी-मिठाचा चहा पहिल्या घोटाला जड जातो. तो चहा न समजता सूप समजून प्यावा.

पाणी दर ३०० मीटरला साधारण एक अंश लवकर उकळतं. कोमिकसारख्या ठिकाणी ८५ अंशांच्या आसपासच, म्हणून उघड्या पातेल्यात डाळ तासभर रटरटूनही टच्च राहते. तिथल्या प्रत्येक चुलीवर कुकर दिसतो तो यामुळेच. स्वतः स्वयंपाक करणार असाल तर मसूर किंवा मूगडाळ न्या, राजमा-हरभरा नको. इंधन संपेल, राजमा शिजणार नाही.

भूक मरते आणि ओळखीच्या चवीने परत येते. जिरावणाची, म्हणजे इंदुरी मसाल्याची, पुडी न्या: उकडलेल्या बटाट्यावर, थुक्प्यावर, कशावरही चालतं. मेतकूट उत्तम, गरम भात कुठेही मिळतो. डिंकाचे लाडू थंडीत दगड होतात आणि चिक्कीने दात हलतात. राजगिऱ्याचे लाडू, खजूर आणि शेंगदाणे बरे, तेही आतल्या खिशात ठेवायचे.

पाणी किती आणि कसं?

दिवसाला तीन ते चार लिटर, चहा-सूप धरून. लघवी फिकट पिवळी असली की पुरतंय. त्याहून जास्त ढोसल्याने उंचीचा त्रास टळत नाही, उलट शरीरातलं मीठ पातळ होतं. ओढा कितीही काचेसारखा दिसला तरी वर कुरण असतंच, आणि कुरणात याक. पाणी उकळी आल्यावर तीन मिनिटं उकळा किंवा क्लोरीनची गोळी टाका. गार पाण्यात गोळीला लेबलवरच्यापेक्षा जास्त वेळ द्या. नळीचा फिल्टर रात्री गोठला की आतले धागे तुटतात, दिसत मात्र धड असतो. त्याला झोपताना स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. रात्री गरम पाण्याची बाटली पायाशी ठेवली तर दुहेरी काम होतं.

तिथली शौचालयं?

हा प्रश्न सगळे शेवटी, हळू आवाजात विचारतात. स्पीती-लडाखच्या घरांत कोरडं शौचालय असतं: वरच्या मजल्यावर मातीची खोली, जमिनीला चौकोनी भोक, कोपऱ्यात माती-राखेचा ढीग आणि फावडं. काम झालं की दोन फावडी माती भोकातून टाकायची. खाली वर्षभरात खत होतं आणि वसंतात ते शेतात जातं. त्या शेताचे वाटाणे तुम्ही आदल्या रात्री खाल्लेत.

आपल्या मंडळींची चूक ठरलेली: बादलीभर पाणी ओतणं. त्याने खत व्हायचं थांबून सगळं सडतं, घरभर वास सुटतो आणि थंडीत सगळं गोठून बसतं. धुण्यापुरतं अगदी थोडं पाणी वापरा, आधी घरच्यांना विचारा. काही घरी त्यासाठी वेगळी जागा असते. पॅड, ओले रुमाल, डायपर भोकात टाकायचे नाहीत. ते कागदात गुंडाळून, पिशवीत बंद करून परत आणायचे.

बाकी कचराही परतच. ओला-सुका वेगळा करायची सवय इंदूरकरांना शिकवावी लागत नाही, पण सकाळी गाणं वाजवत कचरागाडी कोमिकला येत नाही. चॉकलेटचे कागद घरीच काढून, सगळं एका डब्यात भरून नेलंत तर निम्मा प्रश्न मिटतो.

घरात राहताना काय पाळावं?

बूट बाहेर. चुलीभोवतीची जागा घरातल्या मोठ्यांची, बसवतील तिथे बसावं. चुलीत कचरा टाकू नये. ‘जुले’ या एका शब्दात नमस्कार आणि धन्यवाद दोन्ही येतं. आजी असतील तर त्यांना स्पीतीत ‘आबी’, लडाखमध्ये ‘आबी-ले’ म्हणा. बऱ्याच गावांत पाहुणे घरांना पाळीपाळीने वाटले जातात, त्यामुळे ‘आम्हाला ते दुसरं घर हवं’ असा हट्ट धरू नये, आणि ठरलेल्या दरात घासाघीस तर नाहीच. वाटेतल्या मणी भिंती (मंत्र कोरलेल्या दगडांच्या) आणि स्तूप उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं, आपल्या प्रदक्षिणेसारखंच.

वाटेवरचे इतर धोके?

खेचरांची रांग आली की डोंगराच्या बाजूला उभे राहा, दरीच्या नाही. लादलेल्या पोत्याचा एक धक्का पुरतो.

ओढे-नाले सकाळी ओलांडा. दिवसभर बर्फ वितळून दुपारी तेच पाणी गुडघ्यावरून मांडीपर्यंत येतं. पाण्यात उतरण्याआधी पिशवीचा कमरपट्टा सोडा, म्हणजे पडलात तर पिशवी फेकता येईल. काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला टेकवा, एका वेळी एकच आधार हलवा. अनवाणी नको, पाय बधिर होतात आणि दगड कळत नाही.

काझा आणि लेहमध्ये रात्री कुत्र्यांचे कळप फिरतात. काठी आणि विजेरी असू द्या. चावलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी थेट सरकारी रुग्णालय गाठा, ट्रेक संपायची वाट बघू नका.

मोबाइल चालतो का? पैसे?

लडाखमध्ये बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम बंद पडतं, पोस्टपेड चालतं. स्पीतीत ती अडचण नाही, पण काझ्याबाहेर नेटवर्कचा भरवसा नाही. घरी सांगून जा की दोन-तीन दिवस फोन लागणार नाही, नाहीतर आई चौकीत फोन करते. परदेशातून आणलेला सॅटेलाइट फोन किंवा संदेश-यंत्र भारतात परवान्याशिवाय बेकायदा आहे, नेऊ नका.

नेटवर्क नाही म्हणजे यूपीआयही नाही. गावांतल्या मुक्कामाचे सगळे पैसे रोख, शंभर-दोनशेच्या नोटांत. काझ्यातल्या एटीएमच्या भरवशावर निघू नये.

मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर?

नियंत्रणात असेल तर अनेकजण जातात, पण निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना नेमकी उंची सांगून विचारा; ‘हिमालयात जातोय’ एवढं पुरत नाही, नैनितालही हिमालयातच आहे. इन्सुलिन गोठलं की निकामी होतं, ते दिवसा अंगालगत आणि रात्री स्लीपिंग बॅगमध्ये. ग्लुकोमीटर आणि पट्ट्याही थंडीत चुकतात किंवा बंद पडतात, त्यांनाही तिथेच. लहान मुलं डोकं दुखतं असं सांगत नाहीत, नुसती किरकिर करतात आणि जेवत नाहीत. पाच-सहा वर्षांच्या आतल्यांना चार हजारांवर मुक्कामाला नेऊच नये.

आरोग्य विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पॉलिसीत साहसी खेळ वगळलेत का आणि उंचीची मर्यादा किती, हे दोन मुद्दे लेखी विचारून घ्या.

परतीचं तिकीट कधीचं काढावं?

ट्रेक संपण्याच्या दिवसानंतर दोन दिवस सोडून. अंबाल्याहून मालवा एक्सप्रेस थेट इंदूरला आणते, पण ती दरड हटेपर्यंत थांबत नाही. परतीचं तिकीट घट्ट असलं की आजारी माणसाला वर ढकललं जातं आणि फुगलेला नाला दुपारीच ओलांडला जातो. रस्ता उघडा मिळाला आणि ते दोन दिवस उरलेच, तर धनकरहून पिन खोऱ्यात मुधपर्यंत जाऊन या. गाडी जाते, आणि सप्टेंबरात तिथली घरं छपरांवर चारा वाळवायला घालत असतात.